मुद्दाम करपवलेला भात

“पोले, पोले, बाबा. तुमी उलटं पिळून राह्यले.”

ओल्या चादरीचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं माझ्या. क्वार्टरच्या मागच्या आंगणात आम्ही समोरासमोर उभे. त्यानं पीळ दिला की मी हात सैल सोडायचो, म्हणून चादर नुसती गरगर फिरायची आणि पाणी काही निघायचं नाही. शेवटी तो माझ्याजवळ आला, माझं मनगट धरून वळवलं आणि म्हणाला, “असं. मी माह्याकडं ओढतो, तुमी तुमच्याकडं.” मग भदाभदा पाणी पडलं, आमच्या दोघांच्या पायावर. तो हसला. चादर तारेवर टाकली, कोपरे झटकले, चिमटे लावले.

त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं तो जाणार होता, कायमचा. जाणाऱ्या माणसानं चादर कशाला धुवावी? मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, “पाहुना तशीच टाकून जाते. मी काय पाहुना आहो?”

मी उरलेले चिमटे गोळा केले. मला वेळेवर बोलणं कधीच सुचत नाही.

नाव मी लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही, आणि विचारायची सोयही नाही. मी चौथी शिकलेला माणूस, जसं आठवते तसं सांगतो. चंद्रपूरच्या बाहेर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच्या होस्टेलचा मी चौकीदार होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. तेव्हा तो टांझानियातून शिकायला आला. समुद्रकाठचं गाव. बाप नव्हता, आई आणि बहिणी. पाच बहिणींवर हा एकटा भाऊ, म्हणजे तुम्हीच समजा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला तो आवडला नव्हता. उंच, अंगानं मजबूत, आणि कामाला शून्य. आल्या आल्या त्यानं मळके कपडे खोलीच्या दारात व्हरांड्यात काढून ठेवले. आठवडा झाला तरी ढीग तिथंच. मी विचारलं, हे काय? इंग्रजी मला येत नाही, हिंदी त्याला येत नव्हती. त्यानं हातानं सांगितलं की कोणीतरी येईल आणि घेऊन जाईल. घरी तसंच होत होतं ना! शेवटी आली ती गाय. होस्टेलच्या मागं चरणारी तांबडी गाय वर चढली आणि त्याचा पांढरा शर्ट बाहीपर्यंत चघळून मोकळी झाली. पोट्टा दारात उभा राहून गाईला म्हणे, “पोले.”

पोले म्हणजे त्यांच्या भाषेत कोणाला लागलं, कोणी दमून आलं, कोणाचं काही हरवलं, तर म्हणायचा शब्द. आणि दोनदा म्हटला, पोले पोले, की हळूहळू. हे मला नंतर कळलं. पण गाईला कशाला म्हटलं ते आजपर्यंत कळलं नाही. बटण लागलं असेल तिच्या घशात.

गाईच्या तोंडातून तो शर्ट ओढला आमच्या घरच्या बाईनं. म्हणजे माझ्या बायकोनं. तिचं नाव मी जन्मात तोंडानं घेतलं नाही, आमच्यात घेत नाहीत, आता लिहून तरी काय करू. आम्हाला लेकरू नव्हतं. होस्टेलच्या मागं आमचं क्वार्टर, कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, पुढं बसायला वट्टा. ती शर्ट घेऊन त्याच्यासमोर आली, बादली ठेवली, साबण ठेवला आणि म्हणाली, “हात आहेत ना देवानं देल्ले? मंग?”

शब्द त्याला कळले नसतील, पण तो खाली बसला.

असं ते सुरू झालं. दिवाळीत होस्टेल रिकामं झालं, मेस बंद. बाकीची पोरं घरी गेली, हा कुठं जाणार? विमानाचं तिकीट काय बल्लारपूरची पॅसेंजर आहे? चार दिवस आमच्याकडे जेवला. पाचव्या दिवशी तिनं ताट वाढलंच नाही. सिगडी दाखवली.

आमच्या भागात तेव्हा घरोघरी कोळशाची सिगडी. खाणीचा कोळसा. ती आधी बाहेर उघड्यावर पेटवावी लागते, धूर पुरा जाऊ द्यावा लागतो, निखारा लाल झाला की मगच आत. खालच्या तोंडातून हवा जाते. भात होत आला की त्या तोंडाला फुटक्या कवेलूचा तुकडा लावायचा, म्हणजे आच मंद. हे आमच्याकडे शेंबड्या पोरीला माहीत असते. ह्यानं दुसऱ्याच दिवशी सिगडी खोलीत नेऊन पेटवली. व्हरांडाभर काळा धूर. रेक्टर साहेब खोकत खोकत आले आणि मला बोलले. मी त्याला बोललो. ती मला बोलली.

“तुमाले तरी येते का सिगडी पेटवाले?”

“मी कायले पेटवू? तू आहेस ना.”

“हाव. मी आहो ना.”

असं म्हणून ती हसली होती. मी पण हसलो होतो.

त्याचा भात कितीतरी दिवस करपत होता. तो भाताचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन दारात यायचा, खाली मान घालून, आणि ती कपाळावर हात मारून आपल्यातलं वाढायची. “मामा, जलला,” म्हणायचा. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. बापाला बाबाच. मग ती झाली मामा आणि मी बाबा. क्वार्टरमधल्या बाया हसून हसून पडत, “काय वो, मिशा नाई आल्या अजून मामाले?” तिला काही वाटायचं नाही. उलट पदर खोचून सांगायची, “मामा होयाले पन नशीब लागते.”

तिनं त्याला आवाज शिकवला. भात वासानं कळला म्हणजे उशीर झाला, म्हणायची. पाणी असते तोपर्यंत गंज बडबड बडबड बोलते. पाणी आटलं की आवाज बारीक होते, कोणी कानात बोलल्यासारखा. तेव्हाच कवेलू लावायचं. दोघंजणं सिगडीजवळ मान वाकडी करून बसलेले मी पाहिले आहेत. मी वट्ट्यावर बसून ओरडायचो, “काय भजन ऐकून राह्यले का तिथी?”

“तुमी पन या ऐकाले,” ती म्हणायची. “दोन पोट्टे सांभाळून राह्यली मी. एक शिकून राह्यला, एक म्हातारा होऊन राह्यला.”

मी गेलो नाही. पुरुषमाणूस सिगडीजवळ बसते का, हे माझ्या डोक्यात. पाण्याचा गिलास मी कधी स्वतः भरून घेतला नव्हता. हात पुढं केला की गिलास येत होता.

मराठी तो तिच्याकडूनच शिकला. त्यामुळं बोलायचा थेट आमच्या झाडीकडल्या बाईसारखा. पुण्याकडचे एक प्राध्यापक नवीन आले होते. त्यांनी त्याला कौतुकानं विचारलं, “काय रे, कुठे निघालास?” तो म्हणाला, “कुठी नाई जी, इथीच आहो. काऊन?” साहेबांना वाटलं, उलट ‘का’ विचारतो, पोरगा उद्धट आहे. नंतर मी समजावलं की साहेब, ती आमच्या घरची बोलून राह्यली.

गोलबाजारात तो निघाला की पोरं मागं लागत. वेस्ट इंडीज, वेस्ट इंडीज! त्याला क्रिकेटचं ओ की ठो माहीत नाही. एकदा पोरांनी हातात बॉल दिलाच. त्यानं असा फेकला की थेट आमच्या छपरावर, तीन कवेलू फुटले. मी काठी घेऊन धावलो. ती म्हणे, “राहू द्या, सिगडीले तुकडे झाले.”

भाजी घेताना मात्र पक्का. वांगी उलटून देठ पाहायचा, जसं ती पाहायची. म्हातारी भाजीवाली म्हणे, “हा काळा जावई कोणाचा गा?” तो सांगे, “जावई नाई, पोट्टा. चौकीदाराचा.”

एकदा त्यानं भातात नारळ घातला. त्यांच्याकडे खोबऱ्याच्या दुधात भात शिजवतात म्हणे. आमच्या चंद्रपुरात नारळ म्हणजे महाकालीला फोडायचा. हिनं डोळे मोठे केले. “देवाचं भातात कोन टाकते बाबू?” पण खाल्ला. दुसऱ्यांदा पण घेतला. मग मला हळूच म्हणाली, “गोड लागते जी. पन देवाच्या ताटातलं उचलल्यासारखं वाटते.” त्यानंतर देवीचा नारळ घरी आला की ती लपवून ठेवायची, त्याच्यासाठी.

सगळ्यात मोठ्या बहिणीबद्दल तो फार बोलायचा. तिनंच त्याला पाठीवर बांधून वाढवलं. शिवणकामाचं दुकान होतं तिचं, दुकानात फोन. भावाच्या शिक्षणासाठी लग्न पुढं पुढं ढकलत राहिली ती. महिन्यातून एकदा हा चौकातल्या चाचाच्या बूथवरून तिला फोन लावायचा. एकदा परत येऊन हिला म्हणाला, “मामा, मी बहिनीले सांगतलं, कपडे धुतो, भात करतो, झाडतो. ती मानत नाई. म्हनते, खोटं.”

“मंग जाऊन दाखव,” ही म्हणाली. “तिच्या लग्नात सगळ्याईले भात करून वाढ. मंग मानन.”

त्याला ते फार आवडलं. लग्नात मी भात करणार, हे तो मग सगळ्यांना सांगत सुटला. चाचाला, भाजीवालीला, मला तर शंभरदा.

त्याच्या शेवटच्या वर्षी, थंडीत, ही आलापल्लीला बहिणीकडे गेली आणि ताप घेऊन आली. आम्ही जंगलाकडचे, ताप आम्हाला नवीन नाही. मी म्हटलं, उद्या उतरन. पोट्टा म्हणाला, “बाबा, आमच्याकडं पन हाच ताप आहे. हा थांबत नाई. दवाखान्यात चला.” मी म्हटलं, चल. आणि मग मी घरात नुसता गोल गोल फिरत राहिलो. पैसे कुठं असतात मला माहीत नव्हतं. पेटीची किल्ली कुठं माहीत नव्हतं. तिचं शाल-पांघरूण कुठं, तेही माहीत नव्हतं. त्यानं तांदळाच्या डब्यात हात घातला, किल्ली काढली, पेटी उघडली, शाल काढली, तिला पाठीवर घेतलं आणि रिक्षात बसवलं. मी मागून चप्पल शोधत आलो.

सरकारी दवाखान्यात ती पाच-सहा दिवस होती. डॉक्टरांनी करायचं ते केलं. ताप डोक्यात गेला होता. मधेच शुद्ध येई. एकदा अशीच शुद्धीवर आली, माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बाबू,” म्हणाली, “आता तुह्या बाबाले भात शिकव. शिकवल्याबिगर जाऊ नको.”

थट्टेत म्हणाली की खरंच, मला नाही सांगता येत. ती हसत होती. पण त्यानं तिचा हात आपल्या कपाळाला लावला. आणि ती गेली.

तो मला म्हणाला, “पोले, बाबा.” एवढंच. बाकीचे लोक खूप बोलले, त्यातलं एक आठवत नाही.

आता पुढचं सांगतो, जे सांगायला बसलो ते.

तेरवी झाली, नातलग गेले. तो सकाळी यायचा, सिगडी पेटवायचा, माझा चहा, भात करून ठेवायचा, मग कॉलेज. शेवटच्या परीक्षेचे पेपर होते तेव्हाही. एका हातात पुस्तक, एका हातात पळी. मी वट्ट्यावर बसून राहायचो. मेस सुरू होती, मला तिथं जेवता आलं असतं. पण दिवाळीला मी रिटायर होणार होतो. मग क्वार्टर सोडून राजुऱ्याकडच्या आमच्या जुन्या घरी एकट्यानं राहायचं. तिथं कोणती मेस? म्हणून तो म्हणे, “बाबा, शिकाच लागते.”

उन्हाळ्यात परीक्षा संपली, होस्टेल खाली झालं. तो ट्रंक घेऊन आमच्या वट्ट्यावर राहायला आला. राहण्याचा परवाना अजून काही महिने होता म्हणाला. “तुमाले भात आला की मी जातो. मामाले कबूल केलं.”

दर रविवारी माझी परीक्षा. बाकीच्या दिवशी तो शिकवायचा, रविवारी मी एकट्यानं करायचं, तो हात मागं बांधून लांब उभा. पहिल्या रविवारी खरंच करपला, मी धावत जाऊन उतरवला. दुसऱ्या रविवारी मी घाबरून लवकर उतरवला, तांदूळ टचटचीत. तो दोन्हीवेळी नीट जेवला.

मग एका रविवारी मी सिगडीजवळ बसलो होतो आणि मला आवाज ऐकू आला. आधी बडबड, आणि मग बारीक. कानात बोलल्यासारखा.  इतकी वर्षं ती जे ऐक म्हणत होती ते हे. मी कवेलूचा तुकडा सिगडीच्या तोंडाला लावला. हात अगदी बरोबर गेला.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की भात झाला. म्हणजे हा जाणार.

मी पायानं तो तुकडा बाजूला सारला. आच वाढली. मी तिथंच बसून राहिलो, वास येईपर्यंत.

तो आला, झाकण काढलं, म्हणाला, “पोले, बाबा. पुढच्या रविवारी.” वरचा पांढरा भात मला वाढला. खालचं काळं खरवडून स्वतःच्या ताटात घेतलं, वर तेल-तिखट टाकलं आणि खाल्लं.

पुढच्या रविवारीही मी तेच केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. कधी कच्चा ठेवला, कधी पाणी जास्त टाकलं, म्हणजे त्याला संशय येऊ नये. म्हातारा माणूस, बायको मेलेली, त्याला कोण काय म्हणणार? शेजारच्या बाया म्हणत, “बिचाऱ्याच्या हाताले वळणच नाई.” मी मान हलवायचो. आणि दर रविवारी तो काळा भात खायचा आणि मी पांढरा. माझ्या घशाखाली तो उतरत होता, हे पण लिहून ठेवतो. उतरत होता.

मधे मधे तो चाचाच्या बूथवर जाऊन यायचा. काय रे, घरी सगळं ठीक? हाव, ठीक. कधी जातोस? “तुमाले आला की.” मी आणखी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

एका संध्याकाळी चहाची वेळ झाली तरी तो आला नाही. मी वट्ट्यावर हात पुढं करून बसणारा माणूस, मला राग आला. उठलो आणि चौकात गेलो. चाचाच्या बूथच्या काचेच्या आत तो उभा होता. कानाला रिसीव्हर, पण बोलत काही नव्हता. डोळे मिटलेले. पाय हलत होता, ताल धरल्यासारखा. ओठ हलत होते.

मी चाचाला विचारलं, “हे काय करून राह्यला हा? कोनाशी बोलून राह्यला?”

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. “आपको नहीं पता? आज उसकी बहन की शादी है. बडी वाली की. वहाँ दुकान के सामने मंडप लगा है, फोन का रिसीवर बाहर टांग के रखा है उन लोगों ने. गाना सुन रहा है बेचारा.”

“आज?”

“हाँ. मैंने बोला, अरे गया क्यों नहीं? बोला, बाबा को अभी चावल नहीं आया.”

मी काचेतून पाहत राहिलो. त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि हात हलवला. हसून. मग बोटानं रिसीव्हर दाखवला, म्हणजे बघा, किती मजा चालली आहे. आणि परत भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पाय हलत नव्हता.

घरी येताना तो म्हणाला, “छान झालं लग्न, बाबा. खूप लोक आले.”

“भात कोनं केला?” मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

“आचारी होते,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता. तरी मी त्याच्या आधी उठून सिगडी बाहेर काढली. धूर जाऊ दिला, निखारा लाल होऊ दिला, आत आणली. तांदूळ धुतला, पाणी बोटाच्या पेराइतकं. तो उठून आला आणि दारातच थांबला. हात मागं बांधले. मी ऐकलं, कवेलू लावलं, आणि हलवलं नाही. भात मोकळा झाला, एक एक शीत वेगळं. तिच्यासारखा म्हणणार नाही, पण झाला.

त्यानं एक घास खाल्ला. मग दुसरा. गंजाच्या बुडाशी पळी फिरवली. काही लागलं नव्हतं.

“बाबा,” तो म्हणाला, “भात करपला की मानूस धावते. पहिल्या रविवारी तुमी धावले, मंग कधीच नाई.”

मी घास परत ताटात ठेवला.

“तुले माहीत होतं?”

“हाव.”

“मंग बोलला काऊन नाई? तुह्या बहिनीचं लग्न होतं. खाऊन राह्यला जळकं महिना महिना, बोलला काऊन नाई?” मी ओरडलोच त्याच्यावर. चूक माझी आणि ओरडलो त्याच्यावर.

तो शांतपणे जेवत राहिला. मग म्हणाला, “मी पन मुद्दाम करपवला होता. पहिल्या वर्षी. मले लवकरच आला होता भात. पन आला म्हटलं तर मामाच्या हातचं भेटलं नसतं. खोलीत एकटाच खाल्ला असता.” माझ्या ताटात भात वाढत म्हणाला, “मामाले माहीत होतं. तिनंच मले सांगतलं नंतर. म्हने, तू धावत नाई बाबू, म्हून ओळखलं.”

तुम्हाला वाटेल, मग झालं, बरोबरी झाली. मला पण एक क्षण तसं वाटलं. हलकं वाटलं. पण बरोबरी कशी होईल? तो परक्या देशात आलेला वीस वर्षांचा पोट्टा, आणि मी साठीला आलेला घोडा. आणि त्याच्या करपलेल्या भातानं कोणाचं लग्न चुकलं नाही.

मी त्याला म्हटलं, “आता जा. या आठवड्यात जा. मी रडलो तरी जा.”

“तुमी रडत नाई बाबा. तुमी ओरडता.”

नागपूरहून तिकिटाचं जमायला काही दिवस लागले. त्या दिवसांत त्यानं मला बाकीचं दाखवलं. मीठ कुठं, हळद कुठं, किल्ली कुठं. माझ्याच घरात तो मला फिरवत होता. शर्टाचं बटण लावायला शिकवलं, सुईत दोरा मला अजून जमत नाही. बाजारात नेलं आणि वांगी मला घ्यायला लावली. भाजीवालीनं मला सडकी दिली, त्यानं परत केली. जायच्या दिवशी दुपारी आम्ही ती चादर पिळली, ते वर सांगितलंच.

संध्याकाळी स्टेशनवर चाचा पण आले होते. गाडीत चढायच्या आधी तो खाली वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. हे त्याला तिनं शिकवलं होतं, त्यांच्याकडे नाही असं. मला वाटलं आता सांगावं, पोरा, माझं चुकलं.  “डब्बा सांभाळ,” एवढं म्हणालो. डब्यात मी केलेला भात होता. गाडी गेली. चाचांनी खांद्यावर हात ठेवला, मी झटकला.

सकाळी उठलो. सिगडी पेटवली नाही, चहा केला नाही. तारेवरची चादर वाळली होती, ती पण काढली नाही. तोंड धुतलं आणि चौकात गेलो. चाचा नुकतंच शटर वर करत होते.

“तो नंबर आहे ना तुमच्याकडं? बहिनीचा?”

“है. पर वो तो अभी रास्ते में होगा, भाई.”

“त्याले नाई. तिले लावा.”

चाचा म्हणाले, तिकडे अजून पहाट असेल, जरा थांबा. मी बूथच्या पायरीवर बसून राहिलो. ऊन माझ्या गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी नंबर फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी काचेच्या आत गेलो. तिकडून एक बाईचा आवाज आला. काहीतरी विचारत होती.

मला तिची भाषा येत नाही. तिला माझी येत नाही. पण इतके दिवस गिळलेलं दुसऱ्या कोणाला सांगून चालणार नव्हतं.

“बाई,” मी म्हटलं, “मी चंद्रपूरहून बोलून राह्यलो. चौकीदार. तुहा भाऊ काल निघाला, पोचन. तुह्या लग्नाले तो आला नाई, त्यात त्याचा दोष नाई. मी अडकवलं त्याले. मले भात येत होता. येत असून मी करपवला, दर रविवारी. त्याले रागावू नको. तो खरं सांगते, सगळं येते त्याले, कपडे, भात, सगळं. आमच्या घरचीनं शिकवलं. तू त्याले करून दाखव म्हन. आनि मले काय बोलायचं ते बोल.”

तिकडे नुसती खरखर. मग ती म्हणाली, “बाबा?”

मी म्हटलं, “हाव.”

मग ती बोलायला लागली. भराभर, नंतर सावकाश, मग आवाज चढला, मग बसला. त्यात भावाचं नाव आलं. मामा हा शब्द आला. बाकी एक अक्षर मला कळलं नाही. शिव्या होत्या की काय होतं, सांगता येत नाही. चाचांनी काचेवर टकटक केलं, मीटरकडे बोट दाखवलं. मी त्यांच्याकडे पाठ केली. ती बोलत होती तोपर्यंत मी रिसीव्हर कानाला तसाच दाबून उभा राहिलो.